मगदूमबाईंचं दार

“बाई, चुन्याची फक्की पांढरी असती. ही गुलाबी रेघ कुणाच्या लग्नाची?”

बाळगोंडा मिस्त्री नव्या जोत्यावर पाणी मारायला आला होता आणि हातातला पाइप तसाच वाहता ठेवून माझ्याकडं बघत होता. मी गावच्या बालवाडीची बाई. खोटं बोलू नये, हे पोरांना रोज सकाळी गाण्यातून शिकवत होते.

“उन्हानं रंग बदलला असेल,” मी म्हणाले.

“चुन्याचा?”

“यंदा ऊन किती आहे बघा की.”

बाळगोंडाचं गवंडीकाम कसं होतं याबद्दल गावात दोन मतं होती, पण घरात तीन लेकी असल्यामुळं रांगोळी त्याला लांबूनही ओळखू यायची. तो जोत्यावर चढला, वाकला, गुलाबी रेघ चिमटीत धरून बघितली आणि पदरात लपवलेल्या माझ्या हाताकडं बघून नुसता हसला.

“इटा आल्या की मी फक्की दिसंल तितं भित घालणार आणि न्हाई तितं दार सोडणार. रंग कंचा का असंना. पर तुमी समद्यांनी मिळून एकच रेघ ठेवा बाई. मला येडं करू नका.”

आमच्या आडोलीत सर्वसेवा केंद्र बांधलं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. तोवर गावातली सेवा गावभर सांडलेली होती. म्हाताऱ्यांचं विरंगुळा मंडळ डेअरीच्या पायऱ्यांवर बसायचं आणि दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला द्यायचं. मुजावरभाभींचा शिवणवर्ग त्यांच्या स्वतःच्या माजघरात भरायचा, त्यामुळं त्यांच्या घरच्यांना पाणी प्यायला जाताना कुणाच्या तरी ब्लाउजवरनं उडी मारावी लागायची. माझी बालवाडी जुन्या चावडीत. तिथं पोरं कमी आणि चिमण्या जास्त. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की सगळ्यांनी मिळून एकच इमारत बांधावी. तीन खोल्या, एक व्हरांडा, मागं संडास-मोरी. थोडं अनुदान मिळालं, थोडी वर्गणी झाली, बाकी श्रमदान. जागा सुभेदारआबांनी दिली.

सुभेदारआबा म्हणजे विरंगुळा मंडळाचे अध्यक्ष. फौजेतून येऊन बरीच वर्षं झाली होती, पण फौज त्यांच्यातून गेली नव्हती. मिशा, ताठ कणा, लोखंडी टोकाची काठी. त्यांचं जुनं घर भिंतींना भेगा पडल्यामुळं उतरवलं होतं, आणि दोघं नवराबायको शेजारी पुतण्याकडं राहत होते. मूलबाळ नव्हतं. ती मोकळी जागा त्यांनी केंद्राला देऊन टाकली, आणि तेव्हापासून ते जोत्यावर असे फिरायचे, जणू आम्ही सगळे त्यांच्या पलटणीत भरती झालोय.

खोल्यांची वाटणी ठरली तेव्हा डावीकडची खोली मंडळाला, उजवीकडची शिवणाला आणि मधली मला मिळाली. मधली मिळाली म्हणून मी खूश होते. मधल्या खोलीला दोन्हीकडून शेजार असतो, हे मला नंतर कळलं.

माझं खरं दुखणं वेगळं होतं. चावडी पाडून तिथून रस्ता जाणार होता. पावसाळ्याच्या आत नियमाएवढी मोठी आणि वेगळी खोली दाखवली नाही, तर बालवाडी खालच्या वाडीला हलवू, असं तालुक्याचे साहेब स्वतः येऊन सांगून गेले होते. वाडी ओढ्यापलीकडं. आमच्याकडची शेंबडी पोरं ओढा ओलांडून जाणार नव्हती, म्हणजे कुठंच जाणार नव्हती. आणि पोरं नाहीत तर बाई तरी कशाला ठेवतील? त्या पोरांशिवाय मला दुसरं काही येतही नव्हतं आणि करायचंही नव्हतं. मिस्त्रीनं जोत्यावर फक्की मारून माझी खोली आखली, त्या संध्याकाळी मी त्या चौकोनात उभी राहिले आणि कुणी बघत नाही असं पाहून एक गिरकीही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर आबांच्या बाजूची रेघ मधोमध पुसलेली. चांगली दाराएवढी. आणि मातीत काठीच्या टोकाचे गोल ठसे.

मी तडक डेअरीवर गेले.

“आबा, जोत्यावरची रेघ कशी काय पुसली हो?”

सुभेदारआबांची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. खोटं बोलायचं झालं की ते छाती पुढं काढायचे. त्यांनी ती काढली.

“वारं हाय,” ते म्हणाले.

“तेवढ्याच जागेवर?”

“वाऱ्याला कोन इचारणार?”

मी घरी आले. फक्की मिस्त्रीच्या ताब्यात होती, म्हणून दिवाळीची उरलेली रांगोळी काढली. पांढरी संपली होती, गुलाबी होती. मी ती रेघ भरून टाकली. दुसऱ्या दिवशी परत पुसलेली. मी परत भरली. असं चाललं होतं. माझ्या डोळ्यांपुढं सगळं स्पष्ट दिसत होतं. आज दार सोडायचं, उद्या त्या दारातून एक खुर्ची आत येणार, परवा पानाचा डबा येणार आणि महिन्याभरात माझी पोरं व्हरांड्यात आणि मंडळाचे सभासद माझ्या खोलीत पाय पसरून. साहेबांना तर वेगळी खोली पाहिजे होती.

हे कमी म्हणून की काय, दुसऱ्या बाजूला एक निळी रेघ उगवली. तिथं मात्र तपास करावा लागला नाही, कारण गावात निळा खडू एकाच बाईकडं होता.

“मीच सरकवली,” मुजावरभाभी म्हणाल्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. “एक मशीन बसंना झालंय. तुमची पोरं बारकी बारकी हैत, त्यांला कशाला एवढी जागा?”

“भाभी, पोरं वाढतात.”

“वाढली की पहिलीत जात्यात की!”

त्यांच्यापुढं बोलण्यात टिकाव लागणं अवघड. पण त्या निदान तोंडावर कबूल करत होत्या. आबांचं वारं मात्र मला सहन होईना. डेअरीवर, पिठाच्या गिरणीत, नळावर, जिथं चार माणसं भेटतील तिथं मी सांगत सुटले, की दान दिलेली जागा म्हातारा चोरून परत घेतोय. शेवटी मीच बैठक बोलावली. विटांचा ट्रॅक्टर सोमवारी येणार होता. त्याच दिवशी सगळ्यांनी जोत्यावर जमायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा.

“पुरावा हाय का?” भाभींनी विचारलं.

“आणते,” मी म्हणाले.

सोमवारी उजाडता उजाडता मी वाळूच्या ढिगामागं जाऊन बसले. पोरांशी लपाछपी खेळायची सवय असल्यामुळं मला त्यात फार काही वाटलं नाही. थोड्या वेळानं काठी वाजली. आबा आले. एका हातात बादली, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी त्यांच्या बायकोला, येसाक्काला, धरलं होतं. येसाक्काच्या हातात केरसुणी.

येसाक्काला मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. गुडघे धरलेत, म्हणून घराबाहेर पडत नाही, असं आबा सांगायचे. सांगताना छाती पुढं असायची का, हे मी कधी बघितलं नव्हतं. गुडघे धरलेली बाई तुरुतुरु जोत्यावर चढली आणि त्या रेघेपाशी उभी राहिली.

“अवो, उंबऱ्याम्होरं ही रांगोळी कुनी घातलीया?”

“घातली आसंल कुनी.”

“सडा टाकायच्या आदी रांगोळी? आन ही कसली, नुसती सरळ रेघ? आजकालच्या पोरींस्नी काय वळनच न्हाई बगा.”

वाळूमागं मी नव्या नवरीसारखी लाजले. चार दिवस इमानेइतबारे काढलेल्या माझ्या रेघेची एवढी खरडपट्टी कुणी काढली नव्हती.

येसाक्कानं पदर खोचला आणि झाडायला सुरुवात केली. फक्कीही गेली आणि माझं गुलाबी वळणही गेलं. आबांनी बादली पुढं केली. तिनं ओंजळीनं सडा टाकला, सगळीकडं सारखा, एकही कोरडा ठिपका न ठेवता. मग कनवटीची पुडी सोडून ती खाली बसली आणि ओल्या जमिनीवर लक्ष्मीची पावलं काढायला लागली. बाहेरून आत येणारी. आत म्हणजे माझ्या खोलीत.

आबांनी मला बघितलं. मी काही नीट लपलेली नव्हते. ते रागावले नाहीत. काठी टेकत वाळूपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “उठा बाई, मुंग्या हैत तितं.”

मी उठले.

“हितंच उंबरा हुता आमचा,” ते म्हणाले. “ह्या टायमाला जाग आली की अंथरुनातनं उठून तडक हितं येती. घर उतरवल्यालं तिच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. पुतन्याच्या दारात सडा टाक म्हटलं, तर म्हनती दुसऱ्याचं दार हाय, सून काय म्हनंल. हितलं झाडून, सडा टाकून, चार पावलं काढली की दिसभर शांत असती. न्हाई तर रडती.”

“आणि तुम्ही वारं वारं म्हणत होता?”

“मग काय म्हनू?”

“आबा, मी तुम्हाला गावभर चोर म्हणत फिरले.”

“आयकलंय की. गिरनीतलं सुदिक आयकलं.” त्यांनी मिशीवरनं हात फिरवला. “मला चोर म्हना, चालतंय. तिला कुनी येडी म्हटल्यालं मला चालनार न्हाई बाई.”

मला रडू आलं. आलं ते आलंच, लपवता आलं नाही. आबा लगेच दुसरीकडं बघायला लागले. बाई रडायला लागली की काय करायचं, हे त्यांना फौजेत शिकवलेलं नसावं.

“आणि भिंत झाल्यावर?” मी विचारलं.

“त्योच इचार करतोय. जागा दिली ती दिली. शुद्धीत हुती तवा तिनंबी हुकार दिलाय. पोरं येतील, बरं हाय, म्हनाली हुती.” त्यांनी काठी वाळूत रोवली. “भित हुंद्या. बगू काय ते.”

दार द्या, असं त्यांनी एका शब्दानं म्हटलं नाही.

पलीकडून येसाक्कानं हाक मारली, “कोन हाय ओ तितं?”

“बालवाडीच्या बाई,” आबा म्हणाले.

“या की बाई आत. उंबऱ्याभाईर का हुब्या? पर बगून या, पावलांवर पाय देऊ नगा.”

मी पावलं चुकवून आत गेले. म्हणजे माझ्याच खोलीत.

ऊन वर आलं तसा विटांचा ट्रॅक्टर आला, आणि मागोमाग सगळं गाव आलं. भांडण बघायला येतात तेवढी माणसं श्रमदानाला कधी आली नव्हती. एका बाजूला विरंगुळा मंडळ, दुसऱ्या बाजूला भाभी आणि त्यांच्या शिवणाच्या पोरी, आणि मधे मी. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे. पुतण्यानं येसाक्काला घरी नेलं होतं.

“हां बाई,” भाभी म्हणाल्या, “तुमीच बोलावलंय, तुमीच बोला. पुरावा कुठाय?”

“त्या आदी ह्ये बगा,” बाळगोंडा म्हणाला. “हितं पांढरी, तितं निळी, आणि हितं तर आता लक्ष्मीची पावलं! मी काय लक्ष्मीवर इटा रचू व्हय? कुनी काढली ही?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबा जमिनीकडं बघत होते.

“मी,” मी म्हणाले.

“तुमी?”

“मीच. रेघही मीच पुसली. मला तिथं दार पाहिजे.”

मग भाभींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. त्या टाचण्या काढायच्या म्हणजे गोष्ट गंभीर असायची.

“अवो पर परवापर्यंत तुमीच म्हनत हुता न्हवं, आबा चोरून दार पाडतोय म्हनून? आणि मंडळाच्या खोलीतनं तुमाला दार कशाला?”

खोटं बोलायला मला थोडी आधी तयारी लागते. पण मागच्या आवारातली मोरी आबांच्या खोलीकडून जवळ होती, आणि तेवढंच मला दिसलं.

“पोरांना शूला न्यायला,” मी म्हणाले.

“कशाला?”

“शूला! व्हरांड्यातून वळसा घालून नेईपर्यंत अर्धी पोरं वाटेतच करतात. इथून सरळ जाता येतं. मी आबांकडं दार मागत होते, ते ऐकत नव्हते. त्या रागात बोलले काहीबाही.”

जो हशा पिकला, तो वाडीपर्यंत गेला असेल. मंडळातला एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे आता आमच्या बैठकीतनं शूची मिरवनूक?” दुसरा म्हणाला, “आपल्यालाबी जवळच पडंल की रं.”

“काय आबा?” भाभींनी विचारलं. “खरं हाय ह्ये? तुमी दार द्यायला तयार न्हवता?”

सुभेदारआबांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी छाती पुढं काढली, इतकी, की सदऱ्याचं बटण ताणलं.

“न्हवतो,” ते म्हणाले. “आता हाय.”

भाभींनी त्यांच्या छातीकडं बघितलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं, पायाखालच्या पावलांकडं बघितलं. मग टाचण्या परत तोंडात धरल्या.

“द्या मग दार,” त्या म्हणाल्या. “मिस्त्री, लागा कामाला.”

“आणि उंबरा घाला,” मी म्हणाले.

“आतल्या दाराला उंबरा?” बाळगोंडा ओरडला. “पोरं धडपडतील की!”

“बेताचा घाला. पण घाला.”

“शूच्या दाराला उंबरा!” तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. “तीस वर्सं थापी धरतोय, पर ह्ये पयलंच बगतोय.”

झालं. दार झालं, उंबरा झाला, आणि माझी गावात जी काही अब्रू होती ती त्या दाराला कायमची टांगली गेली. ‘मगदूमबाईंचं शूचं दार’ हे नाव आजही आहे. लग्न होऊन गेलेल्या माझ्या बालवाडीतल्या मुली माहेरी आल्या की आपल्या लेकरांना ते दार दाखवतात. साहेब तपासणीला आले, तेव्हा त्यांनीही विचारलं, “हे दार कसलं?” मी नाव सांगितलं. ते घाईनं पुढं गेले. खोली मंजूर झाली. भाभींची निळी रेघ मात्र मी होती तिथं परत नेली. दया एका बाजूला पुरे. ते जादाचं मशीन पुढं कैक वर्षं व्हरांड्यात होतं, आणि भाभी येता-जाता मला ते दाखवायच्या.

जूनपासून येसाक्का रोज सकाळी यायची. आबा हात धरून आणायचे. मंडळाच्या खोलीतून ती दारापाशी यायची, झाडायची, सडा टाकायची, पावलं काढायची. पोरं तिच्याभोवती गोळा होऊन बघत बसायची. “उंबऱ्यात बसू नगासा रं, लक्ष्मी यायचीय,” असं ती दटावायची, आणि माझं कधीही न ऐकणारी पोरं पटकन उठायची. गावानं काही विचारायच्या आत भाभींनीच सगळीकडं सांगून टाकलं, की येसाक्का बालवाडीत रांगोळी शिकवायला जाते. मी भाभींना कधी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही मला कधी काही विचारलं नाही. येसाक्का पोरांना ‘रांगोळीच्या बाई’ म्हणून ठाऊक झाली. मी नुसती ‘बाई’. माझं रांगोळीचं वळण मात्र तिला शेवटपर्यंत पसंत पडलं नाही.

थंडीत ती गेली. झोपेतच गेली. तिचे दिवस होईपर्यंत आबा केंद्राकडं फिरकले नाहीत. दाराशी मी एकदा पावलं काढून बघितली, तर एका पोरीनं मला विचारलं, “बाई, ह्यी बदकं हैत?” मी ती पुसली.

त्यानंतरच्या एका सकाळी मी कुलूप काढून आत आले, आणि त्या दारापाशी थबकले. जमीन ओली होती. सडा कुठं जास्त पडला होता, कुठं मुळीच नव्हता. आणि उंबऱ्यातून आत, माझ्या खोलीत, गुलाबी पावलं आली होती. डावं, उजवं, डावं, उजवं. सगळी एका मापाची, सगळ्यांच्या टाचा एका ओळीत, दोन पावलांतलं अंतर काठीनं मोजावं तसं सारखं. आणि पावलं कसली, चांगले बूट होते.

पलीकडं मंडळाच्या खोलीत सुभेदारआबा एकटेच खुर्चीवर ताठ बसले होते. हात मांडीखाली दाबून.

त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती.

“आबा,” मी म्हणाले, “लक्ष्मी परेडला निघाली की काय?”

त्यांनी छाती पुढं काढली.

“मला काय म्हाईत?” ते म्हणाले. “वारं आसंल.”

त्या दिवशी पोरांना शूला मी व्हरांड्यातून वळसा घालून नेलं.